विषारी रानवनस्पती ओळखण्याचा काही भरवशाचा नियम आहे का?

प्रश्न : पायवाट

नमस्कार. मोठ्यांचे आणि मुलांचे मिश्र गट घेऊन मी निसर्गभ्रमंतीला जातो. पक्षी आणि फुलपाखरे यांविषयी माझी बऱ्यापैकी तयारी आहे. वनस्पतींच्या बाबतीत मात्र ‘हे खाऊ नका, ते तोडू नका’ यापलीकडे मला फारसे सांगता येत नाही. त्यातच गटातील प्रत्येकाकडे एखादा ऐकीव नियम असतो. कोणी म्हणते की ज्या झाडाला पांढरा चीक येतो ते विषारी, कोणी म्हणते की लाल फळ टाळावे आणि काळे खावे, कोणी सांगते की जिभेला कडू लागले तर लगेच थुंकावे आणि गोड लागले तर काळजी नसावी. ‘उकळले की सगळे विष निघून जाते’ असे ठामपणे सांगणारेही भेटतात. हल्ली मोबाइलवर फोटो काढून नाव सांगणारी ॲप आल्यामुळे वाद तिथल्या तिथे मिटवण्याकडे लोकांचा कल असतो, आणि मला तेच अधिक धोक्याचे वाटते.

माझे प्रश्न तीन आहेत. वनस्पती विषारी आहे हे दुरून ओळखता येईल अशी एखादी समान खूण खरोखरच असते का? केवळ स्पर्शाने अपाय करणाऱ्या वनस्पती कोणत्या, आणि तो अपाय नेमका कसा होतो? आणि गटातील एखाद्याने, विशेषतः लहान मुलाने, काही तोंडात टाकलेच, तर वैद्यकीय मदत मिळेपर्यंतच्या वेळात काय करावे आणि काय टाळावे?

उत्तर : पर्णविन्यास

आपल्या पहिल्या प्रश्नाचे उत्तर ‘नाही’ असे आहे. मी वनस्पतिशास्त्र शिकवतो, आणि दरवर्षी नव्या विद्यार्थ्यांकडून हाच प्रश्न येतो, त्यामुळे कारण जरा सविस्तर लिहितो.

वनस्पतींमधील विष हा एक पदार्थ नाही. एकमेकांशी दूरचेही नाते नसलेल्या कुळांनी, कीटकांपासून आणि चरणाऱ्या प्राण्यांपासून बचाव करताना, अगदी वेगवेगळी रसायने स्वतंत्रपणे तयार केलेली आहेत. धोतऱ्यातील ॲट्रोपीन आणि स्कोपोलामीन हे अल्कलॉइड, म्हणजे नायट्रोजनयुक्त वनस्पतिज रसायने, आहेत, कण्हेरीतील ओलिअँड्रिन हे हृदयावर परिणाम करणारे ग्लायकोसाइड, म्हणजे शर्करेला जोडलेले रसायन, आहे, गुंजेतील ॲब्रिन आणि एरंडाच्या बीतील रिसिन ही प्रथिने आहेत, तर रानसुरणासारख्या वनस्पतींमध्ये कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे स्फटिक असतात. ज्यांची रसायनेच इतकी भिन्न आहेत त्यांना बाहेरून दिसणारी एकच खूण असण्याचे काही कारण नाही.

चिकाचा नियम घ्या. रुई आणि शेर यांना चीक असतो आणि तो अपायकारक असतो, हे खरे. परंतु वड, उंबर आणि फणस यांनाही चीक असतो. उलट धोतरा आणि बचनाग या अत्यंत विषारी वनस्पतींना पांढरा चीक नसतोच. फळांच्या रंगाचेही तसेच. युरोपातील बेलाडोनाचे फळ चमकदार काळे आणि चवीला गोडसर असते, आणि मुलांना त्याचीच भुरळ पडते. कॅरिबियन बेटांच्या किनाऱ्यावर वाढणाऱ्या मँचिनील या झाडाचे फळ पहिल्या घासाला गोड लागते आणि थोड्या वेळाने घसा जळू लागतो. कडू लागले म्हणून एखाद्याने थुंकले, तर ते त्याचे नशीब. परंतु गोड लागणे ही सुरक्षिततेची पावती कधीच नाही.

मग ओळखायचे कसे? प्रत्येक वनस्पती स्वतंत्रपणे, संपूर्ण आणि शक्यतो वेगवेगळ्या ऋतूंत पाहून. फुलाच्या एकाच छायाचित्रावरून नाव विचारणाऱ्यांकडे मी देठाचे, पानाच्या मागील बाजूचे आणि खोडाच्या तळाचे छायाचित्र मागतो, तेव्हा ते नाराज होतात. प्रत्यक्षात निर्णय बहुधा तिथेच लागतो. पाने एकाआड एक आहेत की समोरासमोर, कडा सलग आहे की दातेरी, खोड गुळगुळीत आहे की लवयुक्त, पोकळ आहे की भरीव, या गोष्टी फुलाच्या रंगापेक्षा कितीतरी अधिक विश्वासार्ह असतात.

कळलावीचे उदाहरण देतो, कारण ती एकदा नीट पाहिली की पुन्हा चुकत नाही. तिच्या पानाचे टोक लांबत जाऊन स्प्रिंगप्रमाणे गुंडाळलेले असते आणि त्या टोकानेच ती शेजारच्या झुडपाला धरून वर चढते. फुलाच्या सहा पाकळ्या नागमोडी कडांच्या असतात, त्या मागे वळून वर उभ्या राहतात, आणि त्यांचा रंग हिरवट पिवळ्यापासून सुरू होऊन नारिंगी आणि शेवटी गडद लाल होत जातो. फूल हातात न घेता जवळून पाहिले, तर मधला हिरवा दांडा तळापासूनच काटकोनात एका बाजूला वळलेला दिसतो. इतक्या ठळक खुणा असूनही या वनस्पतीमुळे विषबाधा होतातच, कारण जमिनीवरचा सगळा भाग हंगाम संपल्यावर वाळून जातो आणि मातीत उरतो तो फक्त कंद. तो कंद खाण्याजोग्या कंदांसारखाच दिसतो, आणि कोल्चिसिन हे विष त्यात भरपूर असते. ज्या खुणांवरून वनस्पती ओळखायची त्या खुणाच जेव्हा समोर नसतात, तेव्हा तज्ज्ञानेही ओळख सांगू नये, असे माझे मत आहे.

दुसरे उदाहरण गाजराच्या कुळाचे. या कुळात अनेक नेहमीच्या भाज्या आणि मसाले आहेत आणि त्याच कुळात हेमलॉकही आहे, जे देऊन इसवी सनपूर्व 399 मध्ये अथेन्समध्ये सॉक्रेटिसला मृत्युदंड दिला गेला. पांढऱ्या बारीक फुलांचा छत्रीसारखा फुलोरा आणि पिसासारखी चिरलेली पाने पाहून रानगाजर आणि हेमलॉक यांत गफलत होते. रानगाजराच्या खोडावर केस असतात आणि फुलोऱ्याखाली लांब, फाटे फुटलेली हिरवी छदे (पानासारखी अंगे) असतात. हेमलॉकचे खोड गुळगुळीत, पोकळ आणि जांभळ्या डागांचे असते, आणि पान चुरगळल्यास उंदराच्या मुतासारखा दर्प येतो. याच कुळातील वॉटर हेमलॉकच्या खोडाचा जमिनीलगतचा जाड भाग उभा कापल्यास आत आडव्या पडद्यांनी विभागलेले कप्पे दिसतात. परंतु हेमलॉकच्या खोडावरचे जांभळे डाग कोवळ्या रोपावर फिके असू शकतात, म्हणून ‘डाग नाहीत म्हणजे हेमलॉक नाही’ असा उलटा निष्कर्ष काढू नये. एका खुणेची अनुपस्थिती हा पुरावा नव्हे.

वासावरही फार विसंबू नये. युरोपात रानलसणीची पाने गोळा करणारे लोक वासावरून ती ओळखतात. तिच्याच शेजारी, त्याच मोसमात, लिली ऑफ द व्हॅली आणि कोल्चिकम या विषारी वनस्पतींची तशीच लांबट हिरवी पाने उगवतात. पहिली काही पाने खुडल्यानंतर बोटांनाच लसणीचा वास लागलेला असतो, त्यामुळे पुढचे प्रत्येक पान लसणीचेच वाटते. अशा चुकांतून मृत्यू झालेले आहेत. तिथे पाहायचे असते ते देठाकडे : रानलसणीचे प्रत्येक पान स्वतःच्या देठावर जमिनीतून वर येते, लिलीची पाने बहुधा जोडीने एकाच दांड्यावर येतात, आणि कोल्चिकमच्या पानांना देठच नसतो.

स्थानिक नावे वापरताना शास्त्रीय नावही लिहून ठेवावे. धोतरा हा बटाट्याच्या कुळातला आहे. पिवळा धोतरा, म्हणजे अर्जेमोने मेक्सिकाना, अफूच्या कुळातला. पहिल्याच्या विषाने माणूस भ्रमिष्ट होतो, दुसऱ्याच्या बियांचे तेल मोहरीच्या तेलात मिसळले गेल्यास अंगावर सूज येते आणि हृदय निकामी होऊ शकते. 1998 साली दिल्लीत अशा भेसळीमुळे मोठी साथ झाली होती. डॉक्टरांना फक्त ‘धोतरा’ एवढेच सांगितले, तर उपचाराची दिशाच बदलू शकते.

ॲपबद्दल थोडक्यात. नाव शोधण्याची सुरुवात म्हणून ते उपयोगी आहे. ते छायाचित्राशी सर्वांत जुळणारे नाव सुचवते, आणि ज्या दोन वनस्पती दिसायला सारख्या आहेत तिथेच ते अडखळते. दुर्दैवाने विषबाधाही नेमक्या तिथेच होतात.

उत्तर : रुग्णकक्ष

मी तातडीच्या वैद्यकीय विभागात काम केलेले आहे, त्यामुळे तिसऱ्या प्रश्नाकडे वळतो. वरील उत्तरातील रसायनांची यादी आम्हा डॉक्टरांच्या दृष्टीने काळाच्या हिशेबात मांडावी लागते, कारण लक्षणे किती वेळाने दिसतात यावरच बरेच काही अवलंबून असते.

काही विषे लगेच बोलतात. रानसुरण किंवा तत्सम पान चावल्याबरोबर जीभ आणि घसा टोचू लागतो, लाळ गळते, ओठ सुजतात. मूल बहुधा दुसरा घास घेतच नाही, आणि श्वासमार्गाला सूज आली नाही तर हा प्रकार सहसा प्राणघातक ठरत नाही. बचनागात तोंडाभोवती मुंग्या येणे आणि बधिरपणा हे पहिले लक्षण असते आणि ते काही मिनिटांतही सुरू होऊ शकते. त्यातील ॲकोनिटीन हे पेशींमधील सोडियमचे मार्ग उघडे ठेवते, त्यामुळे हृदयाचे ठोके धोकादायक रीतीने अनियमित होतात. वॉटर हेमलॉकमध्ये तासाभरातच आकडी येऊ शकते. साध्या हेमलॉकमध्ये स्नायूंची शक्ती हळूहळू जाते आणि शेवटी श्वसनाचे स्नायू थांबतात. रुग्ण मात्र बराच वेळ शुद्धीवर असतो. अशा रुग्णाला कृत्रिम श्वासोच्छ्वासावर वेळीच ठेवले, तर विषाचा अंमल ओसरेपर्यंत तो तगू शकतो.

धोतऱ्याचे चित्र इतके ठरावीक असते की दारातूनच संशय येतो. बाहुल्या विस्फारलेल्या, तोंड कोरडे, त्वचा लाल आणि तापलेली पण घाम नाही, नाडी जलद, लघवी अडलेली, आणि रुग्ण हवेतल्या न दिसणाऱ्या वस्तू वेचत बसलेला. 1676 साली अमेरिकेतील जेम्सटाउन येथे बंड मोडण्यासाठी आलेल्या सैनिकांनी धोतऱ्याची पाने भाजी म्हणून खाल्ली आणि त्यांना अकरा दिवस भ्रम झाला होता, अशी नोंद आहे. आज हा किस्सा गमतीने सांगितला जातो, म्हणून मुद्दाम लिहितो : धोतऱ्यातील अल्कलॉइडचे प्रमाण झाडागणिक, अवयवागणिक आणि वयागणिक बदलते, त्यामुळे ‘थोडेसे’ हा शब्द त्याच्या बाबतीत निरर्थक आहे. नशेसाठी प्रयोग करणारे तरुण याच कारणाने दगावतात.

मला सर्वाधिक भीती वाटते ती उशिरा बोलणाऱ्या विषांची. कळलावी किंवा कोल्चिकम खाल्ल्यानंतर कित्येक तास काहीच होत नाही. मग उलट्या आणि जुलाब सुरू होतात, ते थोडे थांबल्यासारखे वाटतात, घरचे निश्चिंत होतात, आणि पुढील एक ते तीन दिवसांत मूत्रपिंड, यकृत आणि अस्थिमज्जा एकामागून एक निकामी होऊ लागतात. जे वाचतात त्यांचे केस दोन-तीन आठवड्यांनी गळतात. गुंज आणि एरंड यांची लक्षणेही काही तासांनी, कधी दुसऱ्या दिवशी दिसतात. या विषांवर सर्रास वापरता येईल असा उतारा नाही. द्रव देणे आणि एकेक अवयव सांभाळत राहणे एवढेच हाती असते. म्हणूनच ‘आता बरे वाटते आहे’ या वाक्यावर कोणाला घरी पाठवू नये.

गुंजेबद्दल एक बारकावा. लाल बी, आणि ज्या जागी ती शेंगेला चिकटलेली असते त्या जागेभोवती काळा डाग, ही तिची ओळख. तिचे टरफल इतके कठीण असते की अखंड गिळलेली बी बऱ्याचदा जशीच्या तशी शौचावाटे बाहेर पडते. तीच बी चावली, फोडली किंवा माळेत ओवण्यासाठी तिला भोक पाडले असेल, तर ॲब्रिन बाहेर येण्याची वाट मोकळी होते. त्यामुळे ‘आमच्याकडे एकाने गिळली होती, काही झाले नाही’ हा अनुभव खरा असूनही दुसऱ्याच्या कामाचा नाही. रतनगुंजेची बी मोठी, किंचित चपटी आणि पूर्ण लाल असते; तिच्यावर काळा डाग नसतो.

आता प्रत्यक्ष कृती. तोंडातील उरलेला भाग बोटाने हलकेच बाहेर काढावा, तोंड आणि हात पाण्याने धुवावेत. उलटी करवू नये. मिठाचे पाणी पाजणे किंवा घशात बोटे घालणे यामुळे उलटी श्वासनलिकेत जाण्याचा धोका असतो आणि मीठ स्वतःच लहान मुलाला घातक ठरू शकते. दूध, तूप, लिंबू यांपैकी काहीही ‘उतारा’ म्हणून देऊ नये. शुद्ध हरपत असेल तर तोंडाने काहीच देऊ नये आणि रुग्णाला कुशीवर वळवून ठेवावे. विषबाधा माहिती केंद्राचा किंवा रुग्णवाहिकेचा क्रमांक फोनमध्ये आधीच साठवलेला असावा. लक्षणे दिसण्याची वाट न पाहता निघावे, कारण पोटातील विष शोषून घेणारा सक्रिय कोळसा साधारण पहिल्या तासात दिला तरच त्याचा चांगला उपयोग होतो, आणि तो द्यायचा की नाही हे डॉक्टरांनी ठरवायचे असते. काही विषांवर नेमकी औषधे आहेत. उदाहरणार्थ, कण्हेर आणि बिट्टी यांच्या विषबाधेत डिगॉक्सिन या हृदयाच्या औषधाविरुद्ध बनवलेली प्रतिपिंडे वापरता येतात. परंतु वनस्पती कोणती हे कळले, तरच त्यांचा विचार लवकर होतो.

म्हणून वनस्पतीचा नमुना सोबत आणावा. एकच चुरगळलेले पान कामाचे नसते. पाने, फूल किंवा फळ आणि शक्य असल्यास मूळ असलेली फांदी कागदात गुंडाळून आणावी, आणि खाल्ल्याची वेळ लिहून ठेवावी.

प्रतिक्रिया : माळरान

दोन्ही उत्तरे अभ्यासपूर्ण आहेत, तरीही मला त्यांत भीतीचा सूर जास्त वाटतो. रानात राहणारी माणसे आणि जनावरे पिढ्यान्‌पिढ्या या वनस्पतींसोबत जगत आली आहेत. ज्या फळाला पाखरे चोच लावतात ते माणसाला चालते, हा अनुभव खोटा कसा म्हणायचा? शिवाय यांतील बऱ्याच वनस्पती औषधी आहेत, आणि शोधन करून किंवा उकळून त्यांचे विष काढण्याच्या पद्धती जुन्या ग्रंथांत दिलेल्या आहेत. मग त्यांना सरसकट विषारी ठरवणे कितपत योग्य?

उत्तर : पर्णविन्यास

आक्षेप रास्त आहे, कारण बहुतेक लोक मनात हेच धरून असतात. पाखरांपासून सुरुवात करतो. यू नावाच्या सूचिपर्णी वृक्षाच्या बीभोवती लाल, मांसल आणि गोड आवरण असते. झाडाचा तेवढाच भाग विषारी नाही. बी, पाने आणि साल हे सारे विषारी. पक्षी ते आवरण पचवतात आणि बी अखंड बाहेर टाकतात. मूल मात्र बीही चावते. बेलाडोनाची पाने काही ससे बिनदिक्कत खातात, कारण ॲट्रोपीनचे विघटन करणारे विकर (एन्झाइम) त्यांच्या शरीरात असते. आपल्याकडे ते नाही.

याहून गंभीर गोष्ट अशी की, खाणारा प्राणी स्वतः ठीक दिसतो आणि विष पुढे पोहोचवतो. उत्तर अमेरिकेत व्हाइट स्नेकरूट ही वनस्पती चरलेल्या गायींच्या दुधातून माणसांना विषबाधा होत असे. अब्राहम लिंकन यांची आई नॅन्सी 1818 साली अशाच आजाराने वारली. मधमाश्याही तेच करतात : इसवी सनपूर्व 401 मध्ये काळ्या समुद्राजवळून परतणाऱ्या ग्रीक सैनिकांनी तिथला मध खाल्ला आणि ते उभेही राहू शकेनात, असे त्या सैन्यासोबत असलेल्या झेनोफन या ग्रीक लेखकाने लिहून ठेवले आहे. तो मध तिथल्या ऱ्होडोडेंड्रॉनच्या फुलांचा असावा, असे मानले जाते. मधमाश्यांना त्या मधाने काही झाले नव्हते.

उकळण्याविषयी सांगायचे तर, कोणते रसायन आहे यावर ते ठरते. रिसिन आणि ॲब्रिन ही प्रथिने असल्याने पुरेशा उष्णतेने निष्क्रिय होतात. कण्हेरीतील ग्लायकोसाइड वाळवूनही टिकतात आणि उकळूनही टिकतात. एका वनस्पतीला लागू पडलेली रीत दुसरीवर वापरणे हाच अपघाताचा राजमार्ग आहे.

औषधी असणे आणि विषारी असणे यांत विरोध नाही, हे मात्र आपले म्हणणे बरोबर आहे. विल्यम विदरिंग या इंग्रज डॉक्टरांनी 1785 साली फॉक्सग्लव्ह या विषारी वनस्पतीचे औषधी उपयोग प्रसिद्ध केले तेव्हा त्यांनी मात्रेबद्दलच्या सावधगिरीवरच अधिक भर दिला होता. धोतऱ्यातले ॲट्रोपीन आजही कीटकनाशकांच्या विषबाधेवर जीव वाचवते आणि कोल्चिसिन संधिवाताच्या एका प्रकारावर दिले जाते. परंतु ते मोजून दिले जाते. रानातल्या पानावर किती मिलिग्रॅम आहे हे लिहिलेले नसते. शोधनाच्या पद्धतीही प्रशिक्षित वैद्याने, ठरावीक द्रव्यावर, ठरावीक रीतीने करायच्या असतात; भ्रमंतीच्या वाटेवर त्यांचा उल्लेखसुद्धा नको, असे मला वाटते.

उत्तर : काटेकुटे

स्पर्शाचा प्रश्न अजून बाकी आहे. वनक्षेत्रात काम करताना या वनस्पतींशी रोज संबंध येतो, म्हणून लिहीत आहे. स्पर्शाने होणारा अपाय मुख्यतः चार प्रकारे होतो आणि प्रत्येकाचे वागणे निराळे असते.

पहिला प्रकार टोचणाऱ्या केसांचा. खाजकुयलीच्या शेंगेवरील सोनेरी तपकिरी लव वाऱ्यानेही अंगावर येते आणि असह्य खाज सुटते. अशा वेळी घासू नये; चिकटपट्टी लावून अलगद ओढल्यास बरेचसे केस निघतात, नंतर धुवावे आणि कपडे वेगळे ठेवावेत. दुसरा प्रकार थेट दाहक चिकाचा. शेर, रुई आणि त्यांच्यासारख्या वनस्पतींचा चीक डोळ्यात जाणे ही खरी आणीबाणी समजावी. रुईच्या बाबतीत विशेष दक्षता हवी, कारण पारपटलाला, म्हणजे डोळ्याच्या पुढच्या पारदर्शक पडद्याला, इजा होऊन दृष्टी अंधूक होते, पण वेदना मात्र नगण्य असू शकतात, आणि दुखत नाही म्हणून लोक दिवस घालवतात. डोळा उघडा धरून स्वच्छ वाहत्या पाण्याने किमान 15 ते 20 मिनिटे धुवावा आणि त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञाकडे जावे.

तिसरा प्रकार ॲलर्जीचा. बिब्बा आणि अमेरिकेतील पॉयझन आयव्ही ही दोन्ही आंबा-काजूच्या कुळातली असून त्यांच्या तेलकट रसाने त्वचेवर पुरळ आणि फोड उठतात. ते लगेच दिसत नाहीत, बहुधा दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी दिसतात. पॉयझन आयव्हीला तीन-तीन पर्णिका (एकाच पानाचे सुटे भाग) असतात आणि मधल्या पर्णिकेचा देठ इतर दोघींपेक्षा लांब असतो. फोडांतील पाण्याने पुरळ पसरत नाही. पसरल्यासारखे वाटते ते कपड्यांवर, अवजारांवर किंवा कुत्र्याच्या केसांत उरलेल्या तेलामुळे. स्पर्श झाल्यावर जितक्या लवकर साबणाने धुवाल तितके चांगले. या वनस्पती कधीही जाळू नयेत, कारण धुरातून तोच पदार्थ फुप्फुसांत जातो. शेकोटीसाठी अनोळखी फांद्या गोळा करणाऱ्या गटांना हे आवर्जून सांगावे.

चौथा प्रकार सर्वांत फसवा आहे. मूळच्या कॉकेशस भागातील जायंट हॉगवीडचा रस त्वचेला लागला तर त्या क्षणी काहीच जाणवत नाही. नंतर त्या जागी ऊन पडले की एक-दोन दिवसांत भाजल्यासारखे फोड येतात आणि डाग अनेक महिने राहतात. रस लागल्याचा संशय आला तरी ती जागा साबण-पाण्याने धुवून किमान 48 तास उन्हापासून झाकून ठेवावी. पोकळ खोडाची पुंगळी करून फुंकणाऱ्या मुलांच्या ओठांवर असे फोड आलेले आहेत. तसे पाहता, कोणत्याही अनोळखी खोडाची पुंगळी किंवा फांदीची काडी तोंडात धरू देऊ नये. हेमलॉकचे खोडही पोकळच असते.

प्रश्नकर्ता : पायवाट

सर्वांचे मनःपूर्वक आभार. एक शंका राहते. मुलांना किती आणि कसे सांगावे? प्रत्येक झाडाला ‘विषारी’ म्हटले तर ती घाबरतात किंवा, खरे सांगायचे तर, मुद्दाम हात लावतात.

उत्तर : रुग्णकक्ष

लहान मुलांसाठी एकच नियम पुरतो : दाखवल्याशिवाय काही तोंडात घालायचे नाही, आणि घातलेच तर लगेच सांगायचे, सांगितल्याबद्दल कोणी रागावणार नाही. या नियमाचा उत्तरार्ध मला अधिक महत्त्वाचा वाटतो. मार बसेल या भीतीने मूल गप्प राहते आणि आमच्यापर्यंत येते तेव्हा पहिले काही तास निघून गेलेले असतात.

दहा-बारा वर्षांपुढील मुलांना आपण ज्या वाटेने जाता त्या वाटेवरच्या चार-पाच विषारी वनस्पती नावानिशी, खुणांनिशी दाखवाव्यात. यादी लांबवू नये. आदल्या दिवशी ती वाट स्वतः चालून त्या ठिकाणांची नोंद करावी, आणि प्रत्येक वनस्पतीचे शास्त्रीय नाव एका कार्डावर लिहून प्रथमोपचाराच्या पेटीत ठेवावे. गरज पडल्यास तेच कार्ड फोनवरून वाचून दाखवता येईल.